ताशी पंचवीस मैल

फाल्गुनातला उजेड चाकणच्या रस्त्यावर एकदम उतरत नसे. आधी आळंदीच्या बाजूला आभाळाची कड निवळीचे बी फिरवलेल्या पाण्यासारखी हळूहळू स्वच्छ होई. मग रस्त्याकडेच्या चिंचांचे शेंडे तेवढे दिसू लागत. खोडे अजून अंधारातच असत, आणि झाडे जमिनीपासून सुटून वर कुठेतरी टांगून ठेवल्यासारखी वाटत. त्यानंतर तारायंत्राच्या तारा उजळत, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, बारीक आणि सलग. चुना फासलेले मैलाचे दगड दिसत. सगळ्यांत शेवटी डांबर. एकच मोटार जाईल एवढी ती काळी पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना तांबडा मुरूम. उजेड मुरुमावर पडला की तिथे राही, डांबरावर पडला की नाहीसा होई. फक्त चाकांनी घासून गुळगुळीत केलेल्या दोन वाटा शिशासारख्या मंद चमकत. जोंधळा कापून नेलेल्या रानात धसकटे उभी असत आणि एवढ्याएवढ्याशा धसकटाची सावली वीतभर लांब पडे. कुठे चूल पेटलेली, कुठे विहिरीवर मोट धरलेली. धूर वर जायचे विसरून रानातच आडवा पसरलेला असे. ह्या उजेडात पाहण्यासारखे विशेष काही नव्हते. तो रोज येई आणि तासाभरात साधे ऊन होऊन जाई. ज्योतीराम तो रोज पाही, कारण कुरुळीहून चाकणला सायकलने जाताना त्याला दुसरे काही करायचे नसे.

ते १९५७ साल होते. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, आणि त्यांतल्या एका कारखान्याने चाकणकडून येणाऱ्या आपल्या माणसांसाठी एक बंद मोटार घेतली होती. ज्योतीराम तिच्यावर ड्रायव्हर होता. वय अठ्ठावीस. बोलणे त्याच्या अंगी नव्हते. चार माणसांत तो येऊन बसला तरी चाराचे पाच झाले आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नसे. त्याला स्वतःला त्याचे दुःख होते असे नाही. पण सवय झालेली गोष्ट आणि आवडती गोष्ट ह्यांत जे अंतर असते, ते त्याला ठाऊक होते.

त्याआधी सहा वर्षे तो चाकणच्या सयाजीशेटच्या लॉरीवर होता. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली ती लॉरी. तिला पुढची काच नव्हती, भोंगा नव्हता, आणि वेग दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा शून्यावर गंजून बसला होता. कांद्याची पोती भरून पुण्याला जायचे आणि रिकामे परत यायचे. वेग त्याला अंगाने कळे. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आले की वीस मैल. मागच्या फाळक्याची साखळी खणखणायची थांबून एकसुरी गुणगुणू लागली की तीस. आणि परतीच्या वाटेवर, भोसरी सोडल्यानंतरच्या उतारावर, पायाखालच्या फळ्या थरथरून पोटऱ्या बधिर होत, चिलटे ओठांवर गारेसारखी आपटत, तेव्हा पन्नास. हे आकडे त्याचे त्यानेच ठरवले होते आणि त्यांना आव्हान देईल असे त्या लॉरीत काही नव्हते.

लॉरीचा आवाजच एवढा होता की भोंग्याचे काम कधी पडले नाही. चिंबळीच्या वळणावर ती आली की इंद्रायणीच्या उतारावर चाललेल्या बैलगाड्या आपसूक डांबर सोडून डावीकडे मुरुमावर उतरत. ज्योतीरामच्याच गावचा भैरूतात्या पारावर बसून सांगे, "माज्या पाखऱ्याला सयाजीशेटची लॉरी कळती. मी कासरा वढायच्या आदी त्यो खाली उतारतो. तुमच्यापरीस शाना हाय."

"मंग पाटीलकी पाखऱ्यालाच द्या की, तात्या," असे कुणी म्हटले की तात्या गंभीरपणे म्हणे, "दिली आस्ती. पर त्यो तमाखू खात न्हाई."

नव्या मोटारीला भोंगा होता, मोठा आणि खणखणीत. ज्योतीराम तो वाजवीत नसे. रस्त्यावरच्या गाड्या बहुतेक कुरुळी-चिंबळीच्याच. वर बसलेली माणसे वडीलधारी, ओळखीची. त्यांच्या पाठीशी येऊन भोंगा वाजवणे त्याला एकेरीत हाक मारल्यासारखे वाटे. तो वेग थोडा कमी करी आणि वाट पाही. गाडीवानाला केव्हातरी चाहूल लागे.

मोटार पहिल्यांदा हातात आली त्या दिवशी त्याला वेगाविषयी एक गोष्ट कळली, आणि ती कळली नसती तर बरे झाले असते असे त्याला पुढे पुष्कळदा वाटले. लॉरीच्या सगळ्यांत मोठ्या वेगात, ज्याला तो पन्नास म्हणत आला होता त्या वेगात, दर श्वासाला तारायंत्राचा एक खांब मागे पडे. मोटारीत तोच हिशेब जुळला तेव्हा त्याने काट्याकडे पाहिले. काटा तिसावर होता. त्याने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा खांब पाहिला. तीसच. सहा वर्षे डोळ्यांतून पाणी काढून, ओठांवर चिलटे झेलून तो ह्याहून जोरात कधी गेलाच नव्हता. कुणी अपमान केला नव्हता, तरी दिवसभर त्याला अपमान झाल्यासारखे वाटत राहिले.

काट्याशेजारी कारखान्याने एक पितळी पाटी बसवली होती. तीवर लिहिले होते, 'कमाल वेग ताशी ३० मैल'.

पहिला आठवडा तो पाटीप्रमाणे चालला. मग एके सकाळी काटा पस्तिसावर गेला, आणि काहीच घडले नाही. माणसे मागे डुलक्या घेत होती. काचेबाहेर उजेड शांतपणे आपल्या जागी होता. चाळिसाला चिंचांच्या सावल्या एकेक येईनाशा झाल्या. त्यांचा एक लुकलुकता पट्टा झाला. पंचेचाळिसाला स्टिअरिंग इतके हलके झाले की ते आपण धरले आहे की नाही असा संशय यावा. पन्नासाला रस्ता दूरवर निमुळता होत जायचे सोडून आपणहून मोटारीच्या नाकाखाली येऊन पडू लागला. आवाज नव्हता, हिसका नव्हता. लॉरीत वेग अंगावर येई. इथे तो अंगातून निघून जाई आणि जाताना मागे एक स्वच्छ, रिकामी जागा ठेवी. त्या जागेत ज्योतीराम कुणी लाजाळू माणूस नसे. तो कुणीच नसे. आणि हे पायाच्या एका बोटाच्या दाबावर होते.

पुढच्या बाकावर त्याच्या शेजारी उद्धवराव बसत. ते कारखान्याच्या भांडारात मुख्य कारकून होते. मूळचे नांदेडकडचे, मोकळ्या जिभेचे आणि मनाने चांगले. एकदा फाटकाशी उतरताना त्यांनी घड्याळ पाहिले.

"ज्योतीराम, आज बारा मिन्टं लवकर आलाव की रे."

"व्हय साहेब. रस्ता मोकळा होता."

"रस्ता रोजच मोकळा असतोय बाबा. तुझा पाय मोकळा झालाय."

मागची माणसे हसली. ज्योतीरामच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती लाज होती असे त्याने धरले. पण दिवसभर ते हसणे आठवून त्याला बरे वाटत होते.

होळीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सकाळ रोजच्यासारखीच होती. चिंबळीचे वळण मागे पडले आणि इंद्रायणीकडे जाणारा सरळ उतार समोर आला. वळणापासून अर्ध्या मैलाला थोडे कमी अंतरावर रस्त्याकडेला एक वाकडी बाभूळ आहे; तिच्या अलीकडे एक कडब्याची गाडी डांबरावरून चालली होती. पावसाने त्या भागातला मुरूम वाहून गेला होता, आणि भरलेल्या गाड्या तिथे डांबर सोडायला नाखूश असत. कडबा इतका उंच आणि रुंद रचला होता की गाडीवान दिसत नव्हता, बैलही दिसत नव्हते. एक गवताची टेकडी आपल्या तंद्रीत उतार उतरत होती. ज्योतीरामने ती पाहिली. तो तिच्याजवळ पोचेपर्यंत ती खाली उतरलेली असेल असे त्याला वाटले. सहा वर्षे ती उतरत आली होती.

ती उतरली नाही. कडबा आपल्याच सळसळीत होता आणि मोटारीला आवाज नव्हता. शेवटच्या क्षणी ज्योतीरामने ब्रेक दाबला आणि मोटार उजवीकडच्या मुरुमावर घातली. टायर किंचाळले, आणि त्या अनोळखी आवाजाला भिऊन बैलांनी डावीकडे ओढायच्या ऐवजी उजवीकडे उसळी घेतली. मोटारीचे डावे मडगार्ड उजव्या बैलाच्या मागच्या पायावर बसले. आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा झाला. मोटार साठ-सत्तर पावले पुढे जाऊन थांबली. उद्धवरावांच्या कपाळाला टेंगूळ आले; मागच्या कुणाला काही झाले नाही.

ज्योतीराम उतरून मागे धावला. बैल रस्त्यावर बसला होता, आणि भैरूतात्या आधीच त्याच्या मानेखाली हात घालून जू सोडवीत उभा होता. पटका सुटून खांद्यावर आला होता. त्याने वर पाहिले.

"ज्योत्या? तू व्हय?"

एवढेच. शिवी दिली नाही. गाडीवानाचा डोळा लागला असेल असे ज्योतीरामने धावताना धरले होते. झोपलेला माणूस इतक्या लवकर उठून जू कसा सोडवील, हा विचार आता त्याच्या मनात आला. पण तो त्याने पुरता येऊ दिला नाही.

कुरुळीचा पोलीस पाटील रंगराव यायला दोन तास लागले. तोवर उद्धवरावांनी ज्योतीरामला चिंचेखाली बाजूला घेतले.

"मी सांगायलोय ते ऐक. गाडी नवी आहे. पाटीवर तीस लिहिलंय. त्याच्यावर गेलास म्हण, की नोकरी गेली. लायसनचंही काही खरं नाही."

ज्योतीराम चिंचेच्या खोडाची साल नखाने सोलत होता.

"ऊन डोळ्यांवर आलं म्हण."

"ऊन मागं होतं, साहेब. डाव्या अंगाला."

"बरं, ते नको. म्हातारा झोपला होता म्हण. कडब्याच्या गाडीवर कोण जागं ऱ्हातंय? पहाटं तीनला जुंपलेली गाडी. त्याला कुणी फासावर देत नाही बघ. बैल बैलाच्या जागी, तू तुझ्या जागी. किती वेग होता, सांग बरं?"

"पंचवीस," ज्योतीराम म्हणाला. आकडा त्याच्या तोंडून आपसूक आला. आल्यावर तो खरा असल्यासारखा वाटला.

"पंचवीस. बस."

"तुम्ही पाहिला होता काटा?" त्याने विचारले.

उद्धवराव त्याच्याकडे बघून हसले. "मी पेंगत होतो रे. तू पाहिलास का?"

"न्हाई."

रंगरावाने बाभळीखाली घोंगडी अंथरून पंचनामा लिहिला. ज्योतीरामने सांगितले, वेग पंचवीस मैल; तात्यांचा डोळा लागला असेल. तात्याने मान वर केली नाही. त्याचा हात पाखऱ्याच्या पाठीवरून फिरत होता.

"डोळा कशानं लागंल?" तो म्हणाला. "मी पावलं मोजीत व्हतो. ह्या उताराला मी सदा मोजतो. शंभराव्या पावलाला कासरा आवळायचा, म्हंजी पुलाच्या तोंडाला गाडी दामटत न्हाई. कडब्यापायी कायबी दिसत न्हाई, म्हून बाच्या वक्तापासनं आमी मोजतो. मोजायच्या आदी कडब्याच्या बाजूनं वाकून मागं बघितलं, वळनापातूर रस्ता रिकामा. मोजाय लागलो. चाळीस झाली आन् हे झालं."

"मोजता मोजताच लागला आसंल, तात्या," रंगराव म्हणाला. जमलेली माणसे हसली. वाईट हेतूने नव्हे. सकाळपासून उभी होती, हसायला काहीतरी हवे होते.

पंचनाम्यात लिहिले गेले की गाडीवान निद्रावस्थेत असावा.

पाखऱ्याचा पाय मोडला होता. त्याला गाडीत घालून घरी आणले आणि गोठ्यात बांधले. तो पुन्हा जुंपला जाणार नव्हता, हे सगळ्यांनाच दिसत होते. भैरूतात्याचा मुलगा मुरारी ह्याने चार दिवस गाडी बाहेर काढली नाही. पाचव्या दिवशी शेजाऱ्याचा बैल मागून त्याने गाडी जुंपली, आणि तात्या नेहमीप्रमाणे जोखडाशी येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या हातातून कासरे काढून घेतले.

"दादा, तुमी ऱ्हावा आता घरी."

"मी जागा व्हतो, मुरारी."

"व्हय. ऱ्हावा पर घरी."

ज्योतीरामने हे पाहिले नाही. पण गावात एखादी गोष्ट न पाहता राहणे कठीण असते. पारावर नवी थट्टा सुरू झाली होती. पाखऱ्याला लॉरी कळायची, तात्याला मोटार कळंना. तात्या पारावर येऊन बसे, थट्टा ऐके, आणि पहिल्यासारखे उत्तर देत नसे. दोन-तीनदा त्याने ज्योतीरामला सायकलवरून जाताना पाहिले आणि हात वर केला. ज्योतीरामनेही केला.

त्याच्या आईने, गवराबाईने, एका संध्याकाळी ताट वाढताना विचारले, "तात्या खरंच निजलं व्हतं का रं?"

"आसंल."

"आसंल का व्हतं?"

ज्योतीराम हात धुवायला बाहेर गेला. परत आला तेव्हा तिने भाकरी वाढली होती आणि पुन्हा विचारले नाही.

मोटार पंधरा दिवस कारखान्यात पडून होती. मडगार्ड ठोकून सरळ करणारा मिस्त्री पुण्याचा होता, शिकलेला. काम करता करता तो म्हणाला, "बंद गाडीत असंच होतं हो. वारा लागत नाही, आवाज येत नाही. शरीर फसतं. तुम्हाला पंचवीस वाटले असतील, असतील पस्तीस-चाळीस. उघड्या गाडीवरून आलेल्या सगळ्या ड्रायव्हरांचं हेच होतं. तुमचा त्यात दोष नाही."

हे वाक्य ज्योतीरामला फार आवडले. त्यात कुणी वाईट नव्हते. उद्धवराव नव्हते, तो नव्हता, तात्याही नव्हता. शरीर फसले होते. सायकलवरून जाता-येता तो ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाही, आणि दर वेळी ते जरा अधिक बरोबर वाटे. मोटार सुरू झाल्यावर तो काटेकोर पंचविसाने चालवू लागला. मागची माणसे कुरकुरत. "आता बैल जोडायचे का पुढं?" असे कुणी म्हणे. उजेड काचेबाहेरून पूर्वीसारखाच जाई, फक्त आता तो फार वेळ टिके. चिंचेची प्रत्येक सावली वेगळी येई, अंगावरून जाई, आणि पुढची येईपर्यंत विचार करायला जागा असे. ती जागा त्याला नको होती.

पाडवा होऊन आठ दिवस झाले असतील. चाकणहून निघाल्यावर कुरुळीच्या फाट्याशी त्याला भैरूतात्या दिसला. मुरुमावरून, डांबराला पाय न लावता, काठी टेकीत चालला होता. ज्योतीरामने मोटार थांबवली. का थांबवली ते त्याला सांगता आले नसते.

"कुटं निघाला, तात्या?"

"भोसरीला. तिथं एक वैदू हाय म्हनं. जनावराच्या हाडाला पाला बांदतो. पाखऱ्यासाठी बघतो इचारून."

"बसा."

तात्याने मोटारीकडे पाहिले. उद्धवराव उतरून मागच्या बाकावर गेले. "या तात्या, पुढं बसा. आम्ही रोजचेच आहोत."

तात्याने वहाणा काढून हातात घेतल्या. ज्योतीरामने सांगितले, घाला, तेव्हा परत घातल्या. मोटार चालू झाली. थोडा वेळ तो काचेकडे पाहत होता. मग एक बोट त्याने काचेला लावले.

"काच हाय व्हय. म्हून वारं लागंना."

"न्हाई लागत."

"मंग किती पळती ते कसं कळायचं?"

"ह्यो काटा बघायचा."

तात्या वाकला. त्याला आकडे वाचता येत नव्हते. "किती हाय आता?"

"पंचवीस."

"त्या दिवशीगत."

ज्योतीरामने रस्त्याकडे पाहिले. "व्हय," तो म्हणाला.

"लई न्हाई मंग," तात्या म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. वस्तू हातात घेऊन जोखावी तसा तो आवाज होता.

चिंबळीचे वळण आले. सरळ उतार समोर उलगडला. खाली नदीची हिरवी रेघ, अलीकडे वाकडी बाभूळ. तात्या एकदम ताठ बसला. उजव्या हाताचे बोट त्याने गुडघ्यावर आपटायला सुरुवात केली, सावकाश, सारख्या अंतराने. ती बैलाच्या पावलाची चाल होती. ओठ हलत होते. ज्योतीरामला आकडे ऐकू आले नाहीत, पण बोट दिसत होते. उन्हाचा एक चौकोन तात्याच्या धोतरावर पडला होता आणि त्यात ते बोट वर-खाली होत होते. ते फार वेळ होत राहिले. मागे उद्धवराव कुणाला तरी भांडारातल्या पत्र्यांविषयी सांगत होते. बाभूळ जवळ आली, शेजारी आली. बोट थांबले.

"ऐंशी," तात्या म्हणाला.

"काय?"

"ऐंशी भरली. वळनापासनं बाभळीपातूर." त्याने मान वळवून मागे वळणाकडे पाहिले. "मी त्या दिशी चाळीस मोजली व्हती. मागं बघितलं, रस्ता रिकामा. मोजाय लागलो, चाळीस झाली आन् तू आलास. आन् हितं तर ऐंशी लागत्यात. मंग मदली चाळीस गेली कुटं?"

त्याने ज्योतीरामकडे पाहिले आणि मग, उत्तर आपल्याच खिशात सापडल्यासारखा, हसला.

"निजलोच आसंन मी. चाळीस पावलं निजलो आन् मला वाटलं जागा हाय. रंगराव बरूबर बोलला. उगा त्याच्याशी वाद घातला." त्याने गुडघ्यावरचा हात उचलून पाहिला आणि खाली ठेवला. "मुरारीनं कासरं काडून घेतलं तवा लई राग आलता मला. पर बरं केलं पोरानं. तू हाईस म्हून कळलं. माझ्यामुळं जनावर गेलं म्हनायचं, दुसरं काय?"

"सोडा हो तात्या," मागून उद्धवराव म्हणाले. "वय झालं की होतंय असं. कुणी मुद्दाम करतंय का?"

"व्हय की," तात्या म्हणाला.

मोटार उतरत होती. ज्योतीरामचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला, आणि मोटार हळू झाली, आणखी हळू झाली. मग एक चाक मुरुमावर उतरून ती थांबली. इंजिन चालूच होते. नदीवरून वारा येत असावा, कारण बाभळीची पिवळी फुले हलत होती. आत त्यातले काही लागत नव्हते.

"का थांबलास?" उद्धवरावांनी विचारले. मग त्यांचा आवाज बदलला. "ज्योतीराम. उशीर होईल बघ. चल."

ज्योतीरामने मागे पाहिले नाही. तात्याकडेही पाहिले नाही.

"तात्या, तुमची चाळीस पावलं खरी हायती," तो म्हणाला. "निम्म्या वेळात आलो व्हतो मी."

"आरं, पंचवीसच व्हतं म्हनालास न्हवं?"

"पन्नास व्हतं. काट्याकडं बघितलं व्हतं मी."